कडप्पा, मोसंबी आणि गंजीफ्रॉक

ग्रॅनाइट घरोघरी पोचण्याआधी महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरातला ओटा कडप्प्याचा असे. काळाभोर, हाताला थंड लागणारा, ओल्या फडक्याने पुसला की चकाकणारा, आणि लिंबू पिळताना रस सांडला की तेवढ्याच जागी पांढुरका डाग धरून बसणारा. हा डाग कितीही घासला तरी जात नाही, कारण तिथे दगडच खाल्लेला असतो. कडप्पा ही काळी चुनखडी आहे आणि आम्ल लागले की चुनखडी विरघळते. ओट्याशी जन्म काढलेल्या बायकांना एवढे रसायनशास्त्र अनुभवाने पाठ होते. पण कडप्पा हे आंध्र प्रदेशातल्या रायलसीमेतल्या एका गावाचे नाव आहे, हे पोळ्या लाटताना कोणाच्या मनात येणार? तेलुगूत 'गडप' म्हणजे उंबरठा. तिरुमलैच्या व्यंकटेशाकडे जाणाऱ्या वाटेवरचा उंबरठा म्हणून गावाला हे नाव पडले, असे तिकडचे लोक सांगतात. भूगोलाच्या पुस्तकात धारवाड आणि विंध्य यांच्या जोडीला प्राचीन खडकांचा 'कडप्पा' म्हणून जो समूह येतो, तोही याच प्रदेशावरून ओळखला जातो.

त्याच घराच्या जमिनीवर शहाबादी. 'फरशी' हा शब्दसुद्धा जोडायची गरज नाही, 'खाली शहाबादी टाकलीय' एवढे पुरते. शहाबाद हे कलबुर्गी जिल्ह्यातले, मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. वाडी जंक्शनच्या थोडे अलीकडे. तिथला दगड मुळातच थरांचा, त्यामुळे पाथरवटाला त्याच्या सपाट लाद्या सोडवता येतात, आणि रेल्वे दारातच असल्याने त्या सोलापूर, पुणे, मुंबईपर्यंत सहज पोचल्या. कोकणात वर पाहिले तर मंगळुरी कौले. १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळुरात नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ही चपटी लाल कौले नळीच्या कौलांपेक्षा वजनाला हलकी आणि बसवायला सोपी होती. समुद्रमार्गे ती किनाऱ्यावर सगळीकडे गेली. ज्या मिशनने ती केली त्याचे नावही स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरावरून आलेले आहे.

आणि या सगळ्याला मिळून आपण म्हणतो बंगला. म्हणजे बंगालचा. बंगालमधले खेड्यातले घर म्हणजे बुटके, ऐसपैस, शाकारलेल्या उतरत्या छपराचे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी त्या धाटणीची घरे आपल्यासाठी बांधायला घेतली आणि तो शब्द उचलला. पुढे ते घर दगडाविटांचे झाले, त्याला व्हरांडा आला, बाग आली, साहेब राहू लागला आणि झोपडीचा अर्थ मागे पडून श्रीमंतीचा अर्थ वर आला. बंगालमधल्या शेतकऱ्याने आपल्या घराला कधी 'बंगालचे घर' म्हटले नसेल. त्याला ते नुसते घरच होते.

बांधकामावर पडलेले सिमेंटचे पोते एकदा थांबून वाचावे. त्यावर बहुतेक वेळा 'पोर्टलंड पोझोलाना सिमेंट' असे छापलेले असते. दोन गावे एका पोत्यावर! पोर्टलंड हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, इमारती दगडासाठी नावाजलेले बेट. १८२४ साली लीड्सच्या जोसेफ ऍस्पडिन या गवंड्याने सिमेंटचे पेटंट घेतले, तेव्हा घट्ट झालेले आपले सिमेंट त्या प्रतिष्ठित दगडासारखे दिसते असे सांगण्यासाठी त्याने हे नाव निवडले. सिमेंट पोर्टलंडहून आलेलेच नव्हते. पोझोलाना म्हणजे इटलीतल्या नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावची ज्वालामुखीची राख, जी मिसळून रोमन लोक पाण्यातही टिकणारे बांधकाम करत. आपल्याकडे त्या जागी औष्णिक वीजकेंद्रातली राख असते. नाव मात्र पोत्सुओलीचेच राहिले.

ही नावे जमवत गेल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. वस्तूला गावाचे नाव ठेवतो तो बहुधा घेणारा. करणारा नव्हे. आणि घेणाऱ्याला वस्तूचे मूळ गाव ठाऊक असतेच असे नाही. त्याला ठाऊक असते ती पेठ, ते बंदर, तो व्यापारी. म्हणून ही नावे वस्तूचा जन्म सांगत नाहीत. ती वस्तू कोणत्या वाटेने आली आणि शेवटी कोणाच्या हातून आपल्यापर्यंत पोचली, ते सांगतात. इतिहासाच्या दृष्टीने मला हे जास्त मोलाचे वाटते. जन्म एका जागी होतो. वाटेवर कितीतरी माणसे भेटतात.

आपली आडनावे याच नियमाने चालतात. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावून कोण हाक मारील? सगळे तिथलेच. गाव सोडून माणूस दुसरीकडे गेला की मग तो तेंडोलीचा तेंडुलकर होतो, मंगेशीहून निघालेल्या दीनानाथांचे घराणे मंगेशकर होते. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या 'कर'वाल्या घरांच्या मागे असे केव्हा ना केव्हा झालेले स्थलांतर असते.

लेकीबाळींची नावेही पाहा. गांधारी म्हणजे गांधार देशची, कैकेयी म्हणजे केकय देशची, माद्री म्हणजे मद्रांची, पांचाली म्हणजे पांचालांची. विदेहाची म्हणून वैदेही, मिथिलेची म्हणून मैथिली. आणि रुक्मिणी काय किंवा दमयंती काय, विदर्भाची म्हणून दोघीही वैदर्भी. गांधारात साऱ्याच मुली गांधारच्या. हस्तिनापुरात एकटी गांधारी. ही सासरची नावे आहेत. लग्न होऊन गेलेल्या मुलीचे माहेर तिच्या नावात शिल्लक राहिले, आणि त्यातल्या कित्येकींचे स्वतःचे नाव आपल्याला ठाऊकही नाही. आज हौसेने मुलीचे नाव वैदेही ठेवणाऱ्यांनी ते विदेह कुठे होते हेही तिला सांगावे. बिहारचा उत्तर भाग आणि त्याला लागून नेपाळची तराई.

संस्कृतात असाच एक जुना शब्द आहे, सैंधव. सिंधूकडचे ते सैंधव. सिंधूच्या प्रदेशातून दोन गोष्टी खाली येत, खाणीचे मीठ आणि उत्तम घोडे, आणि दोन्हींना हे एकच नाव. शास्त्री मंडळींनी त्याचे छान उदाहरण करून ठेवले आहे: धनी जेवायला बसून सैंधव मागतो तेव्हा मीठ आणावे, आणि प्रवासाला निघताना मागतो तेव्हा घोडा. घोडा आपल्या बोलण्यातून गेला, मीठ राहिले. उपासाचे सैंधव, आणि जुन्या माणसांच्या तोंडी त्याचेच शेंदेलोण. आता बाजारात गुलाबी मिठाची देखणी पाकिटे 'हिमालयन' म्हणून येतात. जगभर विकले जाणारे हे मीठ मुख्यतः पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या खेवड्याच्या खाणीतले, म्हणजे सिंधू आणि झेलमच्या मधल्या मिठाच्या डोंगररांगेतले. हिमालयात ते निघत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांनी नदीचे नाव दिले, आजच्यांनी जवळच्या बड्या पर्वताचे दिले. मला विचाराल तर जुन्यांचे अधिक खरे होते.

खाण्यापिण्याच्या वस्तूंत तर घेणाऱ्याने ठेवलेल्या नावांची गर्दीच आहे. दालचिनी हा फारसी शब्द. 'दार' म्हणजे लाकूड, म्हणून चिनी लाकूड. चीनकडची साल इराणात जात असे हे खरे, पण उत्तम दालचिनीचे झाड लंकेचे, आणि मलबारातही ती पिकते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मिळणाऱ्या वस्तूला आपण चीनचे नाव फारसीतून घेऊन वापरतो. साखर करण्याची विद्या तर भारतातली. 'शर्करा' हा शब्दच अरबांच्या तोंडून युरोपात गेला. तरीही हिंदीत साखर ती चीनी आणि खडीसाखर ती मिसरी, म्हणजे मिस्रची, इजिप्तची. शुद्ध पांढरी साखर आणि मोठे खडे त्या देशांच्या नावाने विकले जात होते, एवढे त्यावरून कळते. चिंचेच्या बाबतीत उलटे. झाड मूळचे आफ्रिकेतले, पण अरबांना ती भारतातून मिळाली, म्हणून त्यांनी नाव ठेवले 'तमर हिंदी', हिंदचा खजूर. इंग्रजी टॅमरिंड तिथूनच निघाला. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी शास्त्रीय नावातही 'इंडिका' घातले आणि आफ्रिकेचे झाड कायमचे भारतीय झाले.

मोसंबीची गोष्ट मला या सगळ्यांत लाडकी. लिंबूवर्गीय फळे मूळची आशियातली, त्यातही ईशान्य भारत आणि त्यापलीकडचा प्रदेश हे त्यांचे मोठे घर. पण हे गोड फळ आपल्याला भेटले ते पोर्तुगीजांच्या वाटेवर, आणि त्या वाटेवरचा मोठा मुक्काम म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मोझांबिक. वास्को द गामा १४९८ च्या मार्चमध्ये तिथे थांबला होता. पुढे लिस्बनहून गोव्याला येणारी गलबते तिथे पाणी, अन्न भरून घेत आणि मोसमी वाऱ्याची वाट पाहत. मोझांबिकचे ते फळ, म्हणून मोसंबी. मोझांबिक हे नाव त्या बेटावरच्या मुसा बिन बिक नावाच्या अरब शेखावरून आले असे मानतात. म्हणजे जालन्याच्या बागेतून निघून आजाऱ्याच्या उशाशी येणाऱ्या फळात एका शेखाचे नाव दडले आहे. मराठवाड्याचे शेतकरी हे फळ इतक्या मन लावून वाढवतात, की जालन्याच्या मोसंबीला आता स्वतःचे भौगोलिक मानांकन आहे.

मोझांबिकच्या मोसंबीवरून संत्र्याला पोर्तुगालातल्या सिंत्रा गावाशी आणि पेरूला पेरू देशाशी जोडण्याचा मोह होतो. दोन्ही टाळावेत. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांचे वर्णन करताना संगतरा हे नाव नोंदवले आहे. तो १५३० मध्ये वारला. पोर्तुगीजांना तेव्हा किनाऱ्यावर येऊन जेमतेम तीस वर्षे झाली होती. एवढ्यात त्यांच्या गावाचे नाव उत्तर हिंदुस्थानातल्या फळाला चिकटून रूढ व्हावे, हे पटत नाही. पेरूचे उत्तर गोव्यातच आहे. तिथे या फळाला पेर म्हणतात आणि त्याच्या गोड वड्यांना पेराद. पोर्तुगीजमध्ये पेरा म्हणजे नासपती. आकार पाहून त्यांनी ओळखीचे नाव नव्या फळाला लावले.

पेरू देशाचे नाव पोर्तुगीजांनी वापरले ते वेगळ्याच प्राण्याला, ज्याला आपण टर्की म्हणतो त्या पक्ष्याला. हा पक्षी अमेरिका खंडातला, मेक्सिकोकडचा. इंग्रजांना वाटले तुर्कांकडून येतो, म्हणून टर्की. खुद्द तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांनीही भारताकडे बोट दाखवून 'दँद' केले. डचांनी तर नेमके बंदरच सांगितले, 'काल्कून', म्हणजे कालिकतची कोंबडी. पोर्तुगीजांनी 'पेरू' म्हटले आणि निदान खंड तरी बरोबर धरला. भारतात हा पक्षी खरोखर आला तो गोव्यामार्गे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्यातून जहांगीर बादशहासाठी ज्या अपूर्व वस्तू नेल्या त्यांत तो होता. बादशहाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढवून घेतले. ते चित्र आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. लाल-निळी मान, पिसांवरचे बारीक ठिपके, चित्रकाराने काहीही निसटू दिलेले नाही.

कापडाकडे वळताना माझ्या मनात पहिला येतो गंजीफ्रॉक. आता सगळे बनियन म्हणतात, पण आजोबांच्या पिढीत हा शब्द घरोघर होता, आणि बंगालीत, हिंदीत नुसते 'गंजी' अजून चालते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीत गर्न्सी नावाचे चिमुकले बेट आहे. तिथल्या कोळ्यांच्या बायका घट्ट विणीचे लोकरी अंगरखे विणत. समुद्राचे पाणी अंगाला लागू न देणारा हा अंगरखा खलाश्यांना इतका पसंत पडला, की 'गर्न्सी फ्रॉक' हा इंग्रजी आरमारात सर्वांच्या ओळखीचा कपडा झाला. इथे तो जहाजावरच्या लोकांबरोबर उतरला, लोकरीचा सुती झाला, बाह्या गेल्या, गर्न्सीचे गंजी झाले. इंग्रजीत आता तो जोडशब्द कोणी वापरत नाही. मराठीने दोन्ही अर्धे जपले.

गर्न्सीच्या शेजारचे बेट जर्सी. क्षेत्रफळ अवघे ११८ चौरस किलोमीटर. एवढ्याशा बेटाने मराठीला दोन शब्द दिले. क्रिकेटच्या संघाची जर्सी तिथल्या विणकामावरून आली, आणि गोठ्यातली जर्सी तिथल्या गाईवरून. १७८९ मध्ये बेटावर बाहेरची गुरे आणायला कायद्याने बंदी घातली गेली आणि जात शुद्ध राहिली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापलेल्या बाएफ या संस्थेने जर्सी आणि होल्स्टीन फ्रीजियन यांच्या संकराचे काम गावोगाव नेले. आज दूध घालायला आलेला शेतकरी 'एक जर्सी हाय, दोन एचेफ' असे सांगतो, त्या एचेफमध्ये जर्मनीचे होल्स्टीन आणि नेदरलँड्सचे फ्रीजलंड अशी दोन ठिकाणे आहेत. शेजारी जाफराबादी म्हैस, गीर गाय, संगमनेरी आणि उस्मानाबादी शेळी. उस्मानाबादचे धाराशिव झाले ते २०२३ साली. शेळी अजून उस्मानाबादीच आहे. गावाचे नाव सरकारी आदेशाने बदलते. बाजारातल्या जनावराचे नाव बाजारातली माणसेच बदलतील तेव्हा बदलेल.

डंगरीचा प्रवास मुंबईतून सुरू होतो. डोंगरीच्या आसपास जाड्याभरड्या, स्वस्त सुती कापडाचा व्यापार चाले. इंग्रजांनी ते शिडांसाठी आणि खलाश्यांच्या विजारींसाठी घेतले आणि ठिकाणाच्या नावाने ओळखले. पुढे कामगारांचा खांद्यावरच्या पट्ट्यांचा पोशाखच डंगरी झाला, आणि आता लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात आपण तो शब्द इंग्रजी समजून वापरतो. मुळाशी मात्र आपला डोंगर आहे. डंगरीचीच युरोपीय भावंडे जीन्स आणि डेनिम. जीन्स म्हणजे इटलीतल्या जिनोव्हा बंदराचे फ्रेंच नाव, आणि डेनिम म्हणजे 'द नीम', दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराचे. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी तांब्याच्या रिव्हेटा मारलेल्या विजारीचे पेटंट १८७३ मध्ये घेतले, त्याआधी कितीतरी काळ ही नावे कापडाच्या व्यापारात रुळलेली होती.

मऊ कापडांतही हेच. मसलिन हे नाव इराकमधल्या मोसूलवरून आले, पण जगाला वेड लावणारी मलमल ढाक्याची. साटीन हे चीनच्या चुआनजौ बंदराच्या 'जैतून' या अरबी नावावरून. इब्न बतूता चौदाव्या शतकात तिथे गेला होता आणि शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या रेशमी वस्त्रांची त्याने नोंद केली आहे. आपली पैठणी पैठणची हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. इरकल मात्र गावाच्या नावाचा मराठी उच्चार आहे हे सांगावे लागते. बागलकोट जिल्ह्यातले इळकल, त्याचे इरकल झाले आणि महाराष्ट्रातल्या किती तरी आज्यांच्या अंगावर आयुष्यभर राहिले. मुलतानी तर दोन प्रकारे आपल्याजवळ आहे, चेहऱ्याला लावायची माती आणि दिवस कलताना गायचा राग.

कोच या शब्दाचा पसारा मोठा आहे. हंगेरीत व्हिएन्ना ते बुडा या हमरस्त्यावर कोच नावाचे खेडे आहे. पंधराव्या शतकात तिथल्या सुतारांच्या हलक्या, वेगवान घोडागाड्यांचे नाव झाले. 'कोची' म्हणजे कोचची गाडी. ते नाव युरोपभर गेले. स्पॅनिशमध्ये आजची मोटारसुद्धा 'कोचे'. इंग्रजीत कोच झाला, तोच पुढे रेल्वेच्या डब्याला लागला. १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला कोच म्हणू लागले, जणू तो बसवून पलीकडे पोचवणारी गाडीच. तिथून तो खेळाच्या मैदानावर आला आणि आपल्याकडे कोचिंग क्लास झाला. फलाटावर 'कोच एस-४ कुठे लागतो' विचारणारा विद्यार्थी लातूरच्या कोचिंगला चाललेला असेल, तर एका हंगेरियन खेड्याचे नाव तो दोनदा घेतो आहे.

डॉलरही एका खेड्याचा. बोहेमियात, आजच्या चेक प्रजासत्ताकात, योआखिमस्थाल नावाची दरी. तिथे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला चांदी सापडली आणि तिची जाड नाणी पडू लागली. 'योआखिमस्थालर' लांब पडले म्हणून 'थालर', म्हणजे दरीचा, आणि थालरचा डॉलर. त्याच खाणीतल्या टाकाऊ खनिजातून पुढे मारी आणि प्येर क्युरींनी १८९८ मध्ये रेडियमचा शोध लावला. चांदीसाठी खोदलेल्या डोंगरातून अर्थशास्त्राला एक शब्द मिळाला आणि पदार्थविज्ञानाला एक मूलद्रव्य. गिन्नी तशीच. १६६३ पासून इंग्लंडात पाडलेले हे सोन्याचे नाणे, सोने पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरचे. आपल्या सराफी पेठेत 'गिनी सोने' शिल्लक आहे.

नव्या नावांची टाकसाळ अजून चालू आहे. गोबी मंचुरियनचा मंचुरियाशी संबंध नाही. चिकन मंचुरियनचे श्रेय मुंबईत १९७०च्या दशकात नेल्सन वांग या बल्लवाचार्यांना दिले जाते, आणि आले, लसूण, हिरवी मिरची हा आपला मसाला त्यात सोया सॉसबरोबर नांदतो. शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. तिथल्या जेवणातला जिभेला मुंग्या आणणारा मिरीचा प्रकार आपल्या शेजवान चटणीत नसतोच. आपली लाल मिरची आणि लसूण यांच्या जोरावर ती डोशापर्यंत पोचली. बर्गर हा तर हॅम्बुर्ग शहराच्या नावाचा तुटलेला तुकडा. 'हॅम्बर्गर' म्हणजे हॅम्बुर्गचा. ऐकणाऱ्यांनी 'हॅम' म्हणजे मांस समजून पुढचा भाग वेगळा काढला, आणि व्हेज बर्गर जन्माला आला. हे पदार्थ खोटे आहेत असे मी मानत नाही. मुंबईच्या रस्त्यावर त्यांना जे रूप आले ते खरेच आहे.

अशी नावे आता कायद्याच्या कक्षेत आली आहेत. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, तो लागू झाला सप्टेंबर २००३ मध्ये, आणि देशातले पहिले मानांकन दार्जिलिंग चहाला मिळाले. कोल्हापुरी चपलेला ते मिळाले २०१९ मध्ये. पण कोल्हापूर एवढ्याच जिल्ह्यापुरते ते देता आले नाही. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगावी, धारवाड, बागलकोट, विजयपुरा असे आठ जिल्हे त्यात आहेत, आणि दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून अर्ज केला होता. कारण चपला शिवणारे हात अथणी, निपाणीकडेही तितकेच आहेत. कोल्हापूर ही त्यांची पेठ. पेठेचे नाव मालाला लागले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने अगदी तशाच चपला नाव न घेता दाखवल्या, तेव्हा इथून आवाज उठला आणि कंपनीला त्यामागची प्रेरणा मान्य करावी लागली. नावाला किती किंमत असते, हे त्या आठवड्यात साऱ्यांनी पाहिले.

खुद्द कोल्हापुरात मात्र कारागिराला 'कोल्हापुरी द्या' म्हणून भागत नाही. तो विचारतो, कोणती? कापशी हवी की कुरुंदवाडी? कापशी हे कागल तालुक्यातले गाव, कुरुंदवाड शिरोळ तालुक्यातले. कापशीची वीण वेगळी, कान वेगळे, पट्ट्यावरची नक्षी वेगळी. मुंबईला सगळे मिळून एकच कोल्हापुरी दिसते, इथे गावागणिक नाव आहे. आठ जिल्ह्यांच्या मानांकनात ही गावे वेगळी उरत नाहीत. कापशीचे, कुरुंदवाडचे, अथणीचे नाव त्या त्या जोडावर छापले जावे, असे मला मनापासून वाटते. घेणाऱ्यांनी आजवर पुष्कळ नावे ठेवली, आता थोडी करणाऱ्यांनाही ठेवू द्यावीत.